चावून दिलेला घास

कोंडाजीच्या तोंडात सत्तरीतही सगळे दात शाबूत होते आणि त्याचा त्याला माज होता. गुडघे गेले, एक कान गेला, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, पण दात हलला नाही. पाखरू फासात सापडलं की त्याचे दोन्ही हात फास सोडवण्यात गुंतलेले असत. मग तो पाखराची मान दाताखाली घ्यायचा. एक बारीक आवाज व्हायचा, आणि झालं. सुरी कशाला हवी, पाखराला कळतसुद्धा नाय, असं तो म्हणायचा. पाखराला विचारायला कोणी गेलं नव्हतं.

त्याची सून तेजश्री महाडजवळच्या सवची. लग्न होऊन आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी या वाडीत आली, तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकून जेवली नाही. पुढच्या खेपेला जेवली. वर्ष सरलं तोवर पाखरं सोलायचं काम तिच्याकडेच आलं होतं. सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर धुणी धुवून वाढलेली पोर ती. कढत पाण्यात हात घालून पिसं उपटायला सासूपेक्षा तिचा हात चांगला चालायचा. माणसाला कशाचीही सवय होते, आणि होते तेव्हा ती काही दवंडी पिटून होत नाही.

एका चैत्रात कोंडाजीने वरच्या रानातून हिरव्या व्हल्याची मादी आणली. पक्ष्यांची पुस्तकं वाचणारे त्याला पाचू होला म्हणतात. वाडीत तो हिरवा व्हला. तेजश्रीने सोलला, सासूने रांधला, घरच्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी म्हातारा पुन्हा रानात गेला आणि टोपीत दोन पिल्लं घेऊन आला. आई खाल्ली, आता ही मागे उपाशी कशाला ठेवायची, असा त्याचा हिशेब. पिल्लं उघडी, अंगावर पिवळट केस, डोळे सुजल्यासारखे. इतकी कुरूप की कोणाला दया यावी अशीसुद्धा नव्हती. सासूने, राहीबाईने, एक उचलून मांजरापुढे टाकलं. दुसरं वाचलं, कारण मांजराचं पोट भरलं होतं.

तेजश्रीने ते वाचलेलं उचललं ते दयेने नव्हे. उगाच, हात रिकामे होते म्हणून. वाटीतला भात बोटाने चारायला गेली तर ते चोच उघडेना. चमच्याने पाणी पाजलं तर गुदमरलं. संध्याकाळी ते गार पडायला लागलं तशी तिला काय सुचलं कोण जाणे, तिने घासभर भात चावून मऊ केला आणि पिल्लू ओठांशी धरलं. त्याने ताबडतोब चोच तिच्या तोंडात खुपसली आणि सगळं अंग हलवत प्यायला लागलं. व्हल्याचं पिल्लू चोच वासत नाही, ते आईच्या घशात चोच घालून ओढून घेतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्या पिल्लालाच ते ठाऊक होतं, आणि त्याने ते तिला शिकवलं.

"शी गो," राहीबाई म्हणाली. "पाखराचं उष्टं खातीस?"

"मी नाय खात, तो खातो," तेजश्री म्हणाली.

श्रावण आला, सरला, आणि त्या कुरूप पिल्लाचं जे झालं ते पाहून राहीबाईसुद्धा गप्प बसली. नर निघाला तो. कपाळावर आणि भुवयांवर पांढरा पट्टा, डोक्यावर राखी-निळी झाक, छाती वांगी रंगावर पाणी मारावं तशी, चोच लालभडक, खांद्यावर चुना लागल्यासारखा ठिपका आणि पाठीच्या खालच्या अंगाला दोन फिकट पट्टे. पंख तर असे हिरवे की उन्हात धरले तर त्यात तांबूस झाक मारायची. तेजश्री वाडीतल्या बायांचे ब्लाऊज शिवायची. धूपछाव कापडाला असा रंग यावा म्हणून महाडच्या दुकानांत किती हिंडले, आणि हा फुकटात घालून बसलाय, असं तिच्या मनात यायचं. नाव मात्र तिने ठेवलं नाही. ज्याला कापायचं त्याला नाव ठेवू नये, हा राहीबाईचा नियम, आणि त्या घरात हिंडणाऱ्या कोणाचंही पुढे काय होईल ते सांगता येत नव्हतं.

तो रात्री कोंबड्यांच्या डाल्याखाली झोपायचा. दिवसा तिच्या मशीनभोवती चालत राहायचा. व्हला मुळात उडण्यापेक्षा चालणारा. रानातही तो पाचोळ्यातून पायीच हिंडतो आणि अगदी अंगावर पाय पडायची वेळ आली की मग खालून सुसाट निघतो. भूक लागली की हा तिच्या मांडीवर चढायचा आणि तोंडाकडे चोच न्यायचा. मोठा झाला, दाणे टिपायला लागला, तरी दिवसातून एकदा तरी तो चावलेला घास त्याला हवाच असे. तिलाही हवा असे. दिवसभरात तिच्याकडे आपणहून येणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं, हे खरं तर लपवण्यासारखं नाही.

आता तिचा नवरा साहिल. मुंबईला मोबाइलच्या दुकानात होता, तिथलं बंद पडलं तसा परत आला. शेतात राबायचं नव्हतं, घाटात वडापाव विकायचा नव्हता. मग कुठे तरी पाहून आला आणि रानाच्या कडेला, ओढ्याजवळ, हिरव्या जाळीच्या कापडाची झोपडी उभारली. तिला भोकं पाडली. समोर पाण्याची उथळ कुंडी, शेवाळलेला ओंडका, थोडे दाणे. पुण्या-मुंबईचे लोक तोफेएवढे कॅमेरे घेऊन भोकांना डोळे लावून बसायला लागले. साहिल त्या झोपडीला हाइड म्हणायचा आणि स्वतःला गाइड.

लोकांना हिरवा व्हला हवा होता. पण रानातला व्हला हा काही मानपानाने येणारा पाहुणा नव्हे. गर्द सावलीचं, ओल्या पाचोळ्याचं, वरच्या घाटाचं ते पाखरू. खाली ओढ्यावर यायचं ते संध्याकाळी, दोन घोट पाणी प्यायचं आणि फेकलेल्या दगडासारखं झाडांतून निघून जायचं. नुसता आवाज मात्र दिवसभर, हूं हूं, पोटात दुखणाऱ्या माणसासारखा. कॅमेरेवाले वैतागायचे.

"साहिल, तू गॅरंटी म्हणाला होतास," एक पुण्याचे डॉक्टर म्हणाले.

"सर, पुढच्या टायमाला फुल गॅरंटी," साहिल म्हणाला, आणि घरी येऊन तेजश्रीच्या मशीनभोवती चालणाऱ्या व्हल्याकडे पाहत उभा राहिला.

त्याने व्हल्याच्या डाव्या पायाला मासे धरायचा तंगूस, नायलॉनचा बारीक दोरा, बांधला आणि दुसरं टोक ओंडक्याला खिळवलं. वर शेवाळ टाकलं. पहिल्या दिवशी पाखरू उडायला गेलं, तंगूस ताणला गेला आणि ते उलटं लटकलं. सरळ केलं, पुन्हा लटकलं. दिवसअखेर एका बोटाला तंगूस रुतून ते काळं पडलं, आणि आठवड्याने गळून गेलं. डॉक्टरांना तंगूस दिसला होता. ते हसून म्हणाले, "काही हरकत नाही. दोरा फोटोतून काढता येतो."

तेजश्रीने त्या पायाला हळद लावली. नवऱ्याला म्हणाली, "अवो, त्याला सोडा. दुसरा कायतरी धंदा बगा."

"तुझ्या पाखराने पयल्यांदा घरात कायतरी आणलंय," साहिल म्हणाला. "ब्लाऊजपेक्षा बरं हाय."

पाखराने ओढणं सोडलं. पण दुसरीच अडचण निघाली. ओंडक्यावर बसवलं की ते झोपडीच्या भोकांकडे वळायचं. भोकात माणसाचं तोंड असतं हे त्याला कळलं होतं, आणि माणसाचं तोंड म्हणजे घास. तंगूस पुरेल तितकं ते चालत यायचं, मान लांब करायचं आणि पंख थरथरवत चोच पुढे करून उभं राहायचं, कॅमेऱ्यासमोर, भिकाऱ्यासारखं. ज्यांना रानातला पक्षी हवा होता त्यांचं मन उडालं. एकाने तर स्पष्ट विचारलं, हा पाळलेला आहे का. साहिलचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी मोठा ग्रुप येणार होता.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने बापाला विचारलं. कोंडाजी तंबाखू मळत होता.

"आमच्या टायमाला फसवायचं पाखरू ठेवायचे," म्हातारा म्हणाला. "त्याचे डोळे शिवायचे. वरची पापनी, खालची पापनी, दोन टाके. मग ते गप बसतं. हलत नाय. आवाज काढतं, बाकीचे येतात."

"शिवाल तुमी?"

"रविवारच्या आदी शिवू. आताच शिवलं तर सुजतात." मग तो आत वळून म्हणाला, "तेजू गो, तुज्याकडं बारीक सुई हाय का? अगदी बारीक. रेशमाची."

तेजश्री चुलीपाशी होती. ती उठली, मशीनवरच्या सुया टोचायच्या गादीतून सगळ्यांत बारीक सुई काढली आणि सासऱ्याच्या हातावर ठेवली. नाही म्हणायचं तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. त्या घरात तिच्या नाहीचं काय होतं ते तिला माहीत होतं. म्हणून तिने सुई दिली आणि तोंड मिटलं.

शुक्रवारी साहिल पोलादपूरला गेला, राहीबाई शेतावर, म्हातारा ओढ्याकडे. महाडला अस्तर आणायला जाते, असं ती सकाळीच सांगून बसली होती. डाल्यातून व्हला काढला. त्याच्या शेपटीखालची चार पिसं उपटली. त्याने अंग चोरलं, पण तिच्या हातातून सुटायची धडपड केली नाही. पिसं तिने डाल्याशेजारी टाकली आणि डालं उलटं पाडलं. व्हल्याला कापडी पिशवीत घालून ती रस्त्यावर आली आणि महाडच्या गाडीऐवजी वर महाबळेश्वरच्या गाडीत बसली.

घाटातल्या धबधब्याच्याही वरच्या वळणावर ती उतरली. ती जागा तिने मुद्दाम ठरवली होती. सासऱ्याचे गुडघे धबधब्याच्या पुढे जात नाहीत, हे तो स्वतःच रोज सांगायचा. तिथून पायवाट गच्च रानात जाते. अंजनी, जांभूळ, हिरडा, वर आभाळ दिसत नाही, खाली पाचोळा भर उन्हाळ्यातही ओला. कुठे तरी पाणी झिरपत होतं. आणि आत, खोल, हूं हूं चाललं होतं. एक नाही, दोन-तीन.

तिने पिशवी उघडली. व्हला बाहेर आला, पाचोळ्यात चालला, एक बी उचलली. हिरवे पंख त्या सावलीत असे मिसळले की क्षणभर तो दिसेनाच. तिला वाटलं, जमलं. ती वळली आणि निघाली. मागे पाचोळा वाजत होता. पाहते तर तो तिच्या मागोमाग चालत येत होता, एक बोट नसलेला पाय जरा लंगडत.

"जा," ती म्हणाली. "जा रे."

तो तिच्या पायावर चढला. तिने त्याला झटकलं. पुन्हा आला. तिने हाताने मारलं, तो पडला, उठला आणि चोच पुढे करून पंख थरथरवायला लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की याला माणसाची भीती घातल्याशिवाय सोडणं म्हणजे सोडणंच नव्हे. तिने एक दगड उचलला. मुठीत मावेल एवढा होता. तिने नेम धरला, आणि दगड त्याच्यापासून हातभर लांब जाऊन पडला. मुद्दामच पडला. व्हल्याने मान वाकडी करून दगडाकडे पाहिलं, तो खायचा आहे का ते ठरवलं, आणि पुन्हा तिच्याकडे आला.

तिने दुसरा दगड उचलला नाही. डब्यातला भात काढला, चावला, एका दगडावर थुंकला, आणि तो खाण्यात गुंतला तशी पळत सुटली. जाताना रडली, असं वाटत असेल तर तसं नाही. तिला हलकं वाटत होतं. कोणाचं तरी भलं केलेल्या माणसाला वाटतं तसं.

घरी आली तेव्हा साहिल आकाशपाताळ एक करत होता. तिला काही खोटं बोलावंच लागलं नाही. उलटं डालं आणि पिसं पाहून राहीबाईनेच मुंगसाचं नाव घेतलं होतं. कोंडाजी डाल्यापाशी उकिडवा बसला होता. त्याने चारही पिसं उचलली, उजव्या डोळ्यासमोर एकेक धरली आणि टोपीत घातली. जमिनीवर रक्ताचा थेंब नव्हता.

"मुंगूसच," म्हातारा म्हणाला. "दुसरं काय."

रविवारचा ग्रुप पाणी पिणाऱ्या बुलबुलांचे फोटो काढून गेला. साहिल त्यानंतर बापाच्या मागे लागला, दुसरा व्हला जिता आणून द्या म्हणून. म्हातारा गुडघे दाखवायचा. तेवढ्यात तेजश्रीला उलट्या सुरू झाल्या आणि पोलादपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दिवस गेलेत. घरात पहिल्यांदाच तिला कोणी उठून पाणी दिलं. राहीबाई नवऱ्याला म्हणाली, "पयलटकरीण हाय. डोंगरातलं पाखरू खाल्लं की पोराला ताकद येते. तिला काय आणून देशील का नुसता बसशील?"

म्हाताऱ्याने काठी घेतली. सुनेसाठी गुडघ्यांना विचारायचं नाही असं त्याने ठरवलं असावं. सकाळी वरच्या गाडीने गेला, आणि दुपार कलताना आला. टोपीत एक व्हला होता.

"जिता का नाय आणलात?" साहिल ओरडला.

"फासात आवळला," कोंडाजी म्हणाला आणि पाखरू सुनेच्या पुढ्यात ठेवलं. "सोल गो पोरी."

तेजश्रीने पाणी कढवलं. पाखरू उचललं. हाताला वजन आधी कळलं, डोळ्यांना नंतर. डाव्या पायाला एक बोट नव्हतं. मानेवर फासाचा वळ नव्हता. दातांच्या दोन खुणा होत्या. तिने आजूबाजूला पाहिलं. राहीबाई मसाला वाटत होती. काय म्हणणार होती ती? माझा आहे? तुमचा तर मुंगसाने नेला होता. ज्या खोट्याने तिने त्याला वाचवलं होतं त्याच खोट्याने आता तिचं तोंड बांधलं होतं. तिने पाखरू कढत पाण्यात बुडवलं, आत हात घातला आणि पिसं उपटायला लागली. हिरवी पिसं ओली झाली की काळी दिसतात, हे तिने आजवर शंभरदा पाहिलं होतं. पोट चिरलं तेव्हा दाण्यांच्या पिशवीत रानातल्या बिया होत्या. म्हणजे तो दाणे टिपून जगत होता. त्याचं चाललं होतं.

जेवायला बसल्यावर कोंडाजीने छातीचा तुकडा स्वतःच्या हाताने तिच्या ताटात वाढला. सगळे तिच्याकडे कौतुकाने पाहत होते. सकाळपासून सगळं उलटून पडणाऱ्या तिच्या पोटाने हा घास मात्र धरून ठेवला. तिला ओकारी यायला हवी होती. आली नाही. चव लागली, आणि ती चव लागली याची तिला जितकी घृणा वाटली तितकी त्या घरात आजवर कशाचीच वाटली नव्हती. तिने ताट चाटूनपुसून संपवलं.

दिवेलागणीला साहिल बाहेर गेला, राहीबाई शेजारी. तेजश्री ओट्यावर भांडी पुशीत होती. कोंडाजी येऊन बसला, टोपी काढली. टोपीच्या घडीतून त्याने चार पिसं काढून ओट्यावर ठेवली, आणि त्यांच्यावर सुई.

"ही तुजी. आता नाय लागायची."

ती ताट पुशीत राहिली.

"फास लावला पन नव्हता मी," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज साधा होता, पावसापाण्याचं बोलावं तसा. "धबधब्याच्या वर गुडघे बोंबलाय लागले म्हनून बसलो. भाकर चावीत हुतो. हा पाचोळ्यातनं चालत आला, मांडीवर चढला आनि चोच माज्या तोंडाशी आनली. चावलेली भाकर मागीत हुता."

तेजश्रीच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय. दिली भाकर. खाल्ली त्यानं." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "जिता आनला असता तर साहिलनं डोळे शिवाय लावले असते. माजा हात आता कापतो, चार ठिकानी टोचलं असतं. रानात ठेवला असता तर उद्या दुसऱ्या कोनाच्या मांडीवर गेला असता. तोंडाशी हुताच. दात मारला. त्याला कळलं पन नाय."

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. सगळे दात शाबूत होते.

"तू सोडलास ते मला त्याच दिशी कळलं हुतं," कोंडाजी म्हणाला. "मुंगूस पिसं उपटून ठेवून जात नाय. मी बोललो नाय, तुजं बरं चाललं हुतं म्हनून. पन पोरी, येक दगड मारला असतास नीट. पंखावर, पाठीवर, कुटं पन. माणसाला भ्याला असता तर जगला असता."

तिला तो दगड आठवला. मुठीत मावेल एवढा, एका बाजूला शेवाळ असलेला. नेम तिचा वाईट नव्हता. सवला आंबे पाडून वाढली होती ती.

"सुई ठेव," म्हातारा उठता उठता म्हणाला. "बारीक हाय. पोराची झबली शिवाय बरी."

तिने सुई उचलली आणि मशीनच्या गादीत टोचून ठेवली. पिसं चुलीत टाकली. जळताना त्यांचा वास आला. पुढच्या वर्षीच्या भाद्रपदापर्यंत तिने त्याच सुईने सहा झबली शिवली. सुई चांगली होती.